कोणी पाहत नसताना मांडलेला हिशेब
पेपरडाइन विद्यापीठाच्या गोल्फ चमूची कहाणी

धामणकर नाक्यावर सकाळी दहाच्या सुमारास उभे राहिले, की भिवंडीचा सारा व्यवहार डोळ्यांसमोरून जातो. सुताच्या गाठी घेऊन निघालेले टेम्पो, कापडाचे तागे लादलेल्या हातगाड्या, रिक्षांची दाटी, आणि या साऱ्यातून वाट काढत महाविद्यालयाकडे चाललेली मुले. या मुलांच्या घरी बारावीच्या निकालानंतर एक प्रश्न हमखास निघतो : आता पुढे काय? वाणिज्य शाखा, सी.ए., परदेशी शिक्षण, की सरळ पेढीवर बसायचे? या यादीत खेळाला सहसा स्थान नसते. खेळ म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ, अशीच आपली समजूत आहे.

काही दिवसांपूर्वी एका व्यापारी स्नेह्यांच्या गादीवर बसलो असताना त्यांचा मुलगा म्हणाला, "पप्पा, अमेरिकेत चांगला गोल्फ खेळणाऱ्या मुलांना कॉलेजची फी कमी लागते म्हणे." स्नेही हसले आणि म्हणाले, "बेटा, गोल्फ हा निवृत्त साहेबांचा खेळ. त्यात शिकण्यासारखे काय आहे?"

मुलगा गप्प बसला. पण तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. त्याचे उत्तर शोधताना कॅलिफोर्नियातील एका महाविद्यालयाच्या गोल्फ चमूची हकीकत वाचनात आली. ती व्यापारी कुटुंबांनी जाणून घ्यावी अशी वाटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

क्लबातला खेळ आणि महाविद्यालयातला खेळ

गोल्फ आपल्या प्रांताला नवा नाही. मुंबईत गोल्फचा क्लब १८४२ साली निघाला. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबची स्थापना १९२७ सालची. पुण्यात येरवड्याला जुने मैदान आहे आणि खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोने अलीकडे नवे मैदान उभारले. आंतरराष्ट्रीय कीर्तीचा अनिर्बन लाहिरी १९८७ साली पुण्यात जन्मला. पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे खेळला. परंतु आपल्याकडे हा खेळ वाढला तो क्लबांत, लष्करी छावण्यांत आणि मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाने. महाविद्यालयाशी त्याचे नाते फारसे जुळले नाही.

अमेरिकेत मात्र महाविद्यालयीन गोल्फची राष्ट्रीय स्पर्धा १८९७ पासून चालत आली आहे. येल विद्यापीठाने ती २१ वेळा आणि ह्यूस्टन विद्यापीठाने १६ वेळा जिंकली. आपल्या देशातील काही तरुणांनीही या वाटेचा लाभ घेतला. धावपटू मिल्खा सिंग यांचे चिरंजीव जीव मिल्खा सिंग टेक्सासमधील अॅबिलीन ख्रिश्चन विद्यापीठात शिकत असताना १९९३ साली दुसऱ्या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेत वैयक्तिक विजेते ठरले. त्यांनी तेथून व्यवसायशास्त्राची पदवी घेतली आणि २००७ साली ऑगस्टा येथील विख्यात मास्टर्स स्पर्धेत खेळणारे ते पहिले भारतीय झाले. दिल्लीच्या शिव कपूरने पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी असतानाच २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

पाच डॉलरची टपाल तिकिटे

ज्या महाविद्यालयाची ही कहाणी आहे, त्याचे संस्थापक जॉर्ज पेपरडाइन हे व्यापारी होते. १८८६ साली कॅन्सस राज्यात त्यांचा जन्म झाला. १९०९ साली त्यांनी पाच डॉलरची टपाल तिकिटे घेतली आणि मोटारींच्या सुट्या भागांची जाहिरातपत्रके लोकांना टपालाने धाडली. मागण्या येऊ लागल्या, माल जाऊ लागला. त्या पाच डॉलरांच्या भांडवलातून 'वेस्टर्न ऑटो सप्लाय' ही मोठी कंपनी उभी राहिली.

मिळवलेल्या धनाचा विनियोग काय करावा, हा विचार त्यांना पडला, तेव्हा १९३७ साली त्यांनी लॉस एंजेलिस येथे महाविद्यालय काढले. पुढे उतारवयात त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग बुडाला. जे स्वतःसाठी राखले ते गेले. जे विद्येसाठी दिले ते मात्र राहिले. १९६८ साली अॅडमसन कुटुंबाने मालिबू येथे समुद्रकाठची १३८ एकर जमीन संस्थेला दान केली आणि १९७२ साली महाविद्यालय तेथे गेले. आज पेपरडाइन विद्यापीठ प्रतिष्ठित असले, तरी अमेरिकेच्या मानाने ते लहानच आहे. पदवीचे विद्यार्थी साडेतीन हजारांच्या आसपास. याला प्रतिस्पर्धी म्हणून समोर येतात ती प्रचंड सरकारी विद्यापीठे.

पाच जण खेळतात, चौघांचे धरतात

गोल्फ हा एकट्याचा खेळ. चेंडू आपला, काठी आपली, चूकही आपली. मग चमूचा प्रश्न येतो कुठे?

महाविद्यालयीन स्पर्धेत प्रत्येक चमूचे पाच खेळाडू उतरतात. एका फेरीत अठरा छिद्रे असतात आणि ती कमीत कमी फटक्यांत पार करायची असतात. फेरीअखेर पाचांपैकी सर्वांत चांगल्या चौघांचे फटके चमूच्या खात्यात मांडले जातात. पाचव्याचे सोडून दिले जातात. आज कोणाचे सोडले जातील, हे कोणालाच आधी ठाऊक नसते. म्हणून आपला दिवस वाईट चालला आहे, हे कळल्यावरही प्रत्येकाला शेवटच्या छिद्रापर्यंत जीव ओतून खेळावे लागते. कदाचित दुसऱ्या कोणाचा दिवस आपल्याहून वाईट असेल आणि आपलाच आकडा चमूला तारील. २००९ पासून अंतिम टप्प्यात आणखी एक भर पडली. पहिल्या आठ चमूंमध्ये समोरासमोर सामने होतात. पाच लढतींपैकी तीन जिंकील तो चमू पुढे जातो.

शिष्यवृत्तीचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. पहिल्या श्रेणीच्या पुरुष गोल्फ चमूला कित्येक वर्षे मिळून फक्त साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत असत. त्या आठ-दहा मुलांत वाटायच्या. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला अर्धीमुर्धी फीमाफीच येई. २०२५ पासून नियम पालटले असून शिष्यवृत्तीऐवजी चमूतील खेळाडूंच्या संख्येवर, म्हणजे नऊवर, मर्यादा आली आहे. हंगामात आठवड्याला २० तासांहून अधिक सराव घेण्यास प्रशिक्षकाला मनाई असते आणि अभ्यासात ठरावीक गुण नसतील, तर खेळाडूला मैदानात उतरता येत नाही. गोल्फ खेळला म्हणजे शिक्षण फुकट झाले, असे समजणाऱ्याने हा जमाखर्च आधी पाहावा.

१९९७ चा विजय आणि २०२० चा घाव

या लहान विद्यापीठाने १९९७ साली इलिनॉय राज्यातील कॉनवे फार्म्स मैदानावर राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. प्रशिक्षक होते जॉन गायबर्गर. अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत एका फेरीत ५९ फटके घेण्याचा विक्रम सर्वप्रथम करणाऱ्या अल गायबर्गर यांचे हे पुत्र. त्या चमूतील जेसन गोर पुढे व्यावसायिक खेळाडू म्हणून नावारूपाला आला. त्याच चमूतील मायकेल बियर्ड पुढे २०१२ साली आपल्याच विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

बियर्डच्या हाताखाली साहित थीगाला हा मुलगा आला. आईवडील हैदराबादहून अमेरिकेत गेलेले. मुलाचा जन्म १९९७ साली कॅलिफोर्नियातला. मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे २०१८-१९ चा संपूर्ण हंगाम त्याला बाहेर बसावे लागले. परत आल्यावर तो असा खेळला, की महाविद्यालयीन गोल्फमधील हॅस्किन्स, होगन आणि निकलॉस हे तिन्ही प्रमुख पुरस्कार २०२० साली त्याला मिळाले. पेपरडाइनचा चमू देशात पहिल्या क्रमांकावर होता. राष्ट्रीय स्पर्धा अॅरिझोनातील स्कॉट्सडेल गावी ग्रेहॉक मैदानावर व्हायची होती. तेवीस वर्षांनंतर विजेतेपद पुन्हा हाताशी आले होते.

१२ मार्च २०२० रोजी करोनामुळे स्पर्धा रद्द झाल्या. सर्वांत बलवान चमू खेळलाच नाही.

भिवंडीतील वाचकांना त्या मार्च महिन्याची आठवण करून देण्याची गरज नाही. ज्या गावात मागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही, तेथे किती दिवस शांतता होती, आणि परराज्यातील कामगार कसे चालत निघाले, हे आपण पाहिले आहे. माल तयार, मागणी तयार आणि दार बंद. ती मुले कोणत्या मनःस्थितीत घरी गेली असतील, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना आणखी एक वर्ष खेळण्याची सवलत नियामक मंडळाने दिली. साहितने त्या जूनमध्ये व्यावसायिक खेळाची वाट धरली. त्याचा सहकारी क्ले फीगलर मात्र वाढीव वर्षासाठी परत आला. २ जून २०२१ रोजी, त्याच ग्रेहॉक मैदानावर, पेपरडाइनने बलाढ्य ओक्लाहोमा विद्यापीठाला ३-२ असे हरवून दुसरे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. क्ले फीगलर, विल्यम माऊ, जो हायस्मिथ, डिलन मेनांटे आणि जोई व्रझिच हे ते पाच जण. हायस्मिथ आणि माऊ यांनी पुढे २०२५ साली व्यावसायिक दौऱ्यावर आपापले पहिले विजय मिळवले.

साहितचे नाव त्या चषकावर नाही. चमू पहिल्या क्रमांकावर नेणाऱ्यांत तो होता; फळ मात्र मागाहून आलेल्यांच्या पदरी पडले. वडिलांनी लावलेल्या झाडाची सावली मुलाला मिळते, हे आपण पेढीवर रोज पाहतो. म्हणून या गोष्टीतला सल आणि समाधान दोन्ही आपल्याला एकदमच कळतात.

वाळूचा एक कण

स्कॉट्सडेल गावाने साहितला आणखी एकदा हुलकावणी दिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत तो विजयाच्या उंबरठ्यावर असताना सतराव्या छिद्राशी त्याचा चेंडू उसळून पाण्यात गेला. त्या संध्याकाळी आईवडिलांच्या जवळ त्याला रडू आवरले नाही. पहिला विजय सप्टेंबर २०२३ मध्ये नापा येथे आला, तेव्हा कुटुंब शेजारी होते. २०२४ साली प्रेसिडेंट्स चषकासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय चमूतही त्याची निवड झाली.

परंतु मला त्याची सर्वांत मोठी कमाई या विजयांत दिसत नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस अटलांटा येथे सर्वांत मोठ्या बक्षिसांची स्पर्धा चालू होती. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या छिद्रावर साहितचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात होता. फटक्यासाठी काठी मागे नेताना ती वाळूला स्पर्श करता कामा नये, असा नियम आहे. फटका मारून झाल्यावर त्याला वाटले, काठी वाळूला किंचित घासली. कोणी तक्रार केली नव्हती. त्यानेच पंचांना बोलावून सांगितले. दोन फटक्यांचा दंड झाला.

स्पर्धा संपली तेव्हा तो तिसरा आला, दुसऱ्याहून नेमक्या दोन फटक्यांनी मागे. तिसऱ्याचे बक्षीस ७५ लाख डॉलर होते आणि दुसऱ्याचे १ कोटी २५ लाख. ते दोन फटके नसते, तर बरोबरी होऊन प्रत्येकाला १ कोटी डॉलर मिळाले असते. वाळूच्या त्या स्पर्शाची किंमत २५ लाख डॉलर, म्हणजे आपल्या चलनात २० कोटी रुपयांहून अधिक, झाली.

हा संस्कार त्या एका दिवसात झाला नाही. गोल्फमध्ये प्रत्येकाच्या मागे पंच फिरत नाही. मैदान शेकडो एकरांचे; झाडीत गेलेला चेंडू कोणी हलवला, हे हलवणाऱ्यालाच माहीत. फेरीअखेर प्रत्येक खेळाडू आपले गुणपत्रक तपासून त्याखाली सही करतो. एखाद्या छिद्राचा आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केली, तर चूक अनवधानाने झाली असली तरीही सामान्यतः तो स्पर्धेतून बाद होतो. शाळा-महाविद्यालयात शेकडो वेळा मुलगा ही सही करतो. रोजमेळ लिहिणाऱ्या मुनिमाची ही शिस्तच नव्हे का?

गादीवरचे उत्तर

मी पुन्हा त्या स्नेह्यांकडे गेलो आणि ही हकीकत त्यांना सांगितली. पाच डॉलरांच्या तिकिटांचे ऐकून ते खूश झाले. साडेचार शिष्यवृत्त्या नऊ-दहा मुलांत कशा वाटतात, हे त्यांनी कॅल्क्युलेटर काढून पाहिले आणि "स्वस्त नाही हे," असा निर्णय दिला. तो बरोबरच आहे. उत्तम दर्जाचा गोल्फ शिकायला लहानपणापासून वर्षे जातात, पैसाही जातो, आणि शेवटी अमेरिकेतील चमूत जागा मूठभरांनाच मिळते. सर्वांनी मुलांच्या हाती गोल्फची काठी द्यावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही.

मग मी वाळूच्या कणाची गोष्ट सांगितली. स्नेही बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी त्यांनी विचारले, "खरेच कोणी पाहिले नव्हते?"

"तक्रार कोणी केली नव्हती," मी म्हणालो.

त्यांनी समोरची वही मिटली आणि मुलाला हाक मारली. "अरे, ते खारघरचे मैदान रविवारी उघडे असते का, जरा विचारून ठेव. एकदा बघून तर येऊ."