न पाहिलेली लढाई

१९७१ साली अरबी समुद्रावर असलेल्या माणसाला "युद्धात काय पाहिलंत?" असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "काही नाही." हा विनय नव्हे. आमच्या आळीतले एक आजोबा तेव्हा पश्चिम ताफ्यातल्या वाफेवर चालणाऱ्या एका जहाजावर स्टोकर होते, चोवीस वर्षांचे. त्यांची सगळी लढाई बॉयलर रूममध्ये झाली. ॲक्शन स्टेशनचा इशारा झाला की डोक्यावरची झाकणं आवळून बंद. अंगावर घामाने चिकटलेली डांगरी, डोळ्यांसमोर प्रेशरचा काटा, कानात पंख्यांची घरघर. वर काय चाललंय ते कॅप्टन मेन ब्रॉडकास्टवरून सांगेल तेवढंच कळायचं. हे काम ते शिकले लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीवर. समुद्राचा मागमूस नसलेल्या घाटमाथ्यावर नौदलाने आपली इंजिनांची शाळा काढावी, याची मला अजून गंमत वाटते.

पण वर ब्रिजवर उभ्या असलेल्यांना तरी काय दिसत होतं?

पृथ्वी गोल आहे हे शाळेत पाठ करतो. खलाशाला ते रोज जाचतं. पाण्यापासून पाच मीटर उंचीवर डोळे असतील तर क्षितिज फक्त आठ किलोमीटरवर असतं. पलीकडचं जहाज वीस मीटर उंच असलं तर त्याचं टोक चोवीसेक किलोमीटरवरून दिसेल, तेही लख्ख उजेडात. आणि ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या तीन नौकांवरचं रशियन बनावटीचं क्षेपणास्त्र जायचं चाळीस किलोमीटर. म्हणजे ज्याच्यावर ते सोडायचं ते जहाज पृथ्वीच्या बाकाआड दडलेलं. मारणाऱ्याला दिसतो तो रडारच्या पडद्यावरचा एक ठिपका. बटण दाबल्यावर दोन मिनिटांहून जरा अधिक वेळ थांबायचं. ठिपका विझला, तर लागलं.

या नौकांची कथाच अचाट. जेमतेम दोनशे टनांची ही बोट मुळात बंदराच्या राखणीसाठी बांधलेली. वेग भन्नाट, पण इंधन तुटपुंजं. मुंबईहून कराची गाठून परत येणं तिच्या आवाक्यात नव्हतं. रशियातून त्या आल्या तेव्हा एवढं वजन उचलेल अशी क्रेन मुंबईत नव्हती, म्हणून त्या कोलकात्याला उतरवल्या आणि अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून, दोराने ओढत मुंबईला आणल्या. तेव्हाच लक्षात आलं, की ओढून मुंबईला नेता येतात तर ओढून शत्रूच्या दारातही नेता येतील. त्या रात्री किल्तान आणि कचाल ही मोठी जहाजं सोबतीला होती. कमांडर बब्रूभान यादव तुकडीचे प्रमुख. रशियात शिकून आलेली ही मंडळी वायरलेसवर आपसांत रशियन बोलत होती. ऐकणाऱ्याने काय समजायचं ते समजावं!

मला सगळ्यात थक्क करते ती पलीकडची बाजू. निर्घातचं पहिलं क्षेपणास्त्र खैबर या पाकिस्तानी विनाशिकेवर आदळलं. तिथल्या लोकांना अंधारातून एक तेजस्वी ठिणगी झेपावताना दिसली होती. त्यांनी मुख्यालयाला संदेश धाडला की शत्रूच्या विमानाने हल्ला केला आहे, बॉयलर निकामी झाला आहे. विमान नव्हतंच. आपल्याला कशाने मारलं हे कळण्याआधी दुसरं क्षेपणास्त्र आलं आणि खैबर बुडाली. मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौका तर संदेश पाठवायलाही उरली नाही. चार वर्षांपूर्वी, १९६७च्या ऑक्टोबरात, इजिप्तने पोर्ट सैदच्या बंदरातून याच जातीच्या क्षेपणास्त्राने इस्रायलची ऐलात ही विनाशिका बुडवली होती. धडा जगाला मिळाला होता. पण रात्री आकाशात उजेड दिसला की माणसाला आधी विमानच सुचतं.

त्यात अरबी समुद्राची स्वतःची करामत. जमिनीवरून आलेली कोरडी, उबदार हवा समुद्रालगतच्या दमट, गार हवेवर पसरते. हा वरचा थर आणि समुद्र यांच्यामध्ये रडारच्या लहरी अडकतात आणि पन्हळीतून पाणी जावं तशा पृथ्वीच्या बाकाबरोबर वळत पुढे जातात. मग जे क्षितिजाआड आहे तेही पडद्यावर उमटतं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत बसवलेल्या रडारवर, पावसाळ्याआधीच्या कोरड्या दिवसांत, थेट अरबस्तानचा किनारा दिसायचा. हजार मैलांहून लांब! त्या रडारपुढे बसलेल्या माणसाला पहिल्यांदा काय वाटलं असेल, याची मी नेहमी कल्पना करतो. यंत्र बिघडलं असंच वाटलं असणार.

पाण्याखाली मात्र असेच थर नेमकं उलटं करतात. वरचं पाणी लाटांनी घुसळून एकसारखं उबदार राहतं, त्याखाली एकदम गारवा लागतो. आवाज गार पाण्याकडे, म्हणजे खाली वळतो, आणि वळताना मध्ये एक आंधळा पट्टा सोडून जातो. जहाजाच्या सोनारची हाक तिथे पोचतच नाही. पाणबुडीचे कप्तान असा पट्टा शोधून त्यात दबून बसतात. शिवाय जहाज जितकं वेगात, तितका त्याच्या स्वतःच्या आवाजाने त्याचा कान बंद, आणि गप्प बसलेल्या पाणबुडीचा कान तितकाच तीक्ष्ण. कराचीचा जल्लोष संपला नव्हता तोच ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ हांगोर या पाकिस्तानी पाणबुडीने आपली खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आजोबांच्या बॅचचे काही त्यात होते. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या दिवसांत घरची खबर कशी मिळायची, हा प्रश्न त्यांना अधिक आवडतो. पत्रावर माणसाचं नाव, नंबर, जहाजाचं नाव आणि खाली "मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई". बस्स. पिनकोडही नव्हता, तो आला १९७२ला. जहाज कुठे आहे हे रत्नागिरीत पत्र लिहिणाऱ्या बायकोला ठाऊक नाही, पोस्टमनला नाही. ठाऊक फक्त त्या एका कचेरीला. तिथे जहाजवार पिशव्या भरायच्या आणि ज्या बंदराला जहाज लागेल तिथे त्या गाठायच्या. जहाज लागलंच नाही तर पिशवी मागे मागे फिरत राहायची. मग एके दिवशी एकदम चार पत्रं. आजोबांनी वरचं पत्र फोडलं तर त्यात बारशाला कोण कोण आलं याची यादी, आत्याने कानात काय नाव सांगितलं ते, आणि आलेल्या कुंचीचं वर्णन. मूल झाल्याचं पत्र त्याखाली होतं. मुलगा की मुलगी हे कळायच्या आधी त्यांना कुंचीचा रंग कळला. त्यानंतर दोघांनी पाकिटाच्या कोपऱ्यात नंबर घालायला सुरुवात केली.

घरी उलटा प्रकार. आकाशवाणीवर कराची पेटल्याची बातमी आळीभर ऐकली गेली. पेटवणाऱ्या ताफ्यातला आपला माणूस धड आहे की नाही हे मात्र बातम्यांत नव्हतं. युद्धाचा निकाल रत्नागिरीत आधी पोचला, आणि खुशाली जानेवारीत.

पाणबुड्यांवर तर याहून कठीण. ब्रिटिश अण्वस्त्रधारी पाणबुड्या गस्तीवर गेल्या की स्वतः एक शब्दही बोलत नाहीत, नाहीतर ठावठिकाणा फुटेल. खलाशाला घरून आठवड्याला एक छोटा संदेश मिळायचा, सुरुवातीला फक्त चाळीस शब्दांचा. उत्तर देण्याची सोय नाही. घरात कोणी गेलं तर ती बातमी परत बंदराला लागेपर्यंत दाबून ठेवली जायची. चाळीस शब्दांत आपल्याकडचं बारसं बसणार नाही, असं आजोबांचं मत पडलं.

आता आश्चर्य उरतं ते त्यांच्या आठवणीचं. म्हातारपणी मागे वळून पाहताना माणसाला सर्वाधिक आठवणी येतात त्या साधारण दहा ते तीस या वयातल्या, हे मानसशास्त्रज्ञांना वारंवार दिसलंय. पण त्या खऱ्या किती? १९८६ साली चॅलेंजर यान फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कशी कळली हे लिहून घेतलं आणि अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं. अनेकांनी ठाम विश्वासाने भलतंच सांगितलं. यावरून आठवणींवर फुली मारावी, तर डेन्मार्कमधला दुसरा अभ्यास आडवा येतो. तिथल्या वयोवृद्धांना साठ वर्षांमागचे दोन दिवस विचारले, जर्मन फौजा आल्या तो आणि देश सुटला तो. त्या दिवशी हवा कशी होती, हे त्यांनी सांगितलं आणि ते वेधशाळेच्या नोंदींशी ताडून पाहिलं. उत्तरं चकित करण्याइतकी बरोबर निघाली. प्रतिकारात ज्यांचा हात होता त्यांची तर आणखी चोख.

मी तोच प्रयोग आजोबांवर केला. ते म्हणतात, कराचीच्या त्या रात्री वॉच संपवून ते वर आले तेव्हा टिपूर चांदणं होतं आणि डेकवरचे सगळे चंद्राला शिव्या घालत होते, कारण जहाज लांबून दिसलं असतं. घरी येऊन मी तिथी ताडून पाहिली. २ डिसेंबर १९७१, मार्गशीर्ष पौर्णिमा. म्हणजे चंद्र दोनच दिवस उतरलेला, जवळजवळ रात्रभर आकाशात.

हे मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो, तर त्यांना डेन्मार्कचं काही विशेष वाटलं नाही. दत्तजयंती नुकतीच झालेली, चंद्र चुकेल कसा, म्हणाले. मग नातीचा विषय निघाला. ती कोचीला नोकरीला आहे, तिची बदली होणार होती. कुठे झाली, विचारलं. सकाळीच फोन आला होता म्हणे तिचा. जरा आठवून पाहिलं आणि आत हाक मारली, "सूनबाई, कुठे गं म्हणाली ती?"