आफ्रिकेचा ताप, बीडचा दवाखाना

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपं लागतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकाकडे निघतात. हे स्थलांतर सगळ्यांना ठाऊक आहे. साखरधंद्याची दुसरी वाट त्याहून लांबची, पण फारशी बोलली जात नाही. युगांडातल्या काकिरा, लुगाझी इथे भारतीय वंशाच्या उद्योजकांनी साखर कारखाने उभारले. पूर्व आफ्रिकेतल्या अशा कारखान्यांत महाराष्ट्रातले फिटर, केमिस्ट, पॅनमन नोकरीला जात आले आहेत.

निघणारा माणूस पासपोर्ट, करार, लोणच्याची बरणी सगळं नीट बांधतो. मलेरियाची त्याला धास्ती नसते. हिवताप आपल्याकडेही होतोच की!

होतो, पण तो बहुतेक वेळा व्हायवॅक्स जातीचा. तो थंडी वाजवून माणसाला आडवा करतो, जीव मात्र क्वचितच घेतो. आफ्रिकेत प्राबल्य आहे फॅल्सिपॅरम जातीचं. उपचार लांबले तर हा परजीवी एक-दोन दिवसांत मेंदू, मूत्रपिंडं निकामी करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातली सुमारे ९५ टक्के आफ्रिकेतली. महाराष्ट्रातही गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याला फॅल्सिपॅरम नवा नाही, पण बीडच्या माणसाच्या अंगात त्याच्याशी झुंजायची ताकद येणार कुठून?

एक गैरसमज मात्र नेहमीचा. युगांडाला जाण्याआधी पीतज्वराची लस घ्यावी लागते, पिवळं कार्ड मिळतं आणि ‘इंजेक्शन झालं’ म्हणून माणूस निर्धास्त होतो. त्या लशीचा मलेरियाशी काहीच संबंध नाही. मलेरियाची आर-२१ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच तयार होते, पण ती मलेरियाग्रस्त भागातल्या लहान मुलांसाठी आहे. प्रवाशाच्या ती कामाची नाही.

त्याच्यासाठी आहेत गोळ्या. सहा आठवड्यांच्या आतला मुक्काम असेल तर भारतीय धोरणात डॉक्सिसायक्लिन सुचवलं आहे: निघण्याआधी दोन दिवसांपासून रोज एक, आणि परतल्यावरही चार आठवडे. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही. मुक्काम लांबला तर आठवड्याला एक मेफ्लोक्विन; फिट्स किंवा मानसिक आजार असलेल्यांना तीही नको. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नये. घरात पडलेली जुनी क्लोरोक्विनची पाकिटं तर आफ्रिकेत नेऊच नयेत. तिथल्या फॅल्सिपॅरमवर त्या गोळ्या चालत नाहीत.

दोन-तीन वर्षांच्या करारावर गेलेला माणूस गोळ्या किती दिवस घेणार, हा प्रश्न रास्तच आहे. तिथे औषध लावलेली मच्छरदाणीच खरी उपयोगाची. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे रात्रपाळीवाल्याला जोखीम जास्त. त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा आणि उघड्या अंगाला डास पळवणारं मलम लावावं.

सगळ्यात मोठी गफलत होते ती सुट्टीवर गावी आल्यावर. ताप येतो, गावातल्या दवाखान्यात सलाइन लागतं, टायफॉइड-डेंग्यूची शंका घेतली जाते आणि आफ्रिकेचा विषयच निघत नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी रुग्णाने ‘मी युगांडाहून आलोय’ हे पहिल्याच वाक्यात सांगावं आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. पहिला अहवाल निगेटिव्ह आला तरी शंका असेल तर पुढच्या दिवसांत पुन्हा रक्त द्यावं लागतं. व्हायवॅक्स तर यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो.

लवकर तपासण्यात गावाचंही हित आहे. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून बीडमध्ये घरोघरी टाक्या, ड्रम, हौद भरलेले असतात. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास भारताला जुनाच. उपचाराविना राहिलेल्या रुग्णाला चावून तो परदेशातला परजीवी शेजारच्या घरात पोचवू शकतो. हिवताप कर्मचारी टाक्यांत औषध टाकायला किंवा गप्पी मासे सोडायला येतात ते त्यासाठीच. त्यांना दारातून परत पाठवणारी घरं आजही आहेत.