ऐकावं कसं? (भाग 6) : खिशातला बॅलन्स्ड ॲम्प आणि मिरजेचा तंबोरा

गेल्या आठवड्यात आपण डॅकचं, म्हणजे डिजिटल संगीताचा विजेचा सिग्नल करणाऱ्या चिपचं, काम पाहिलं. आज त्याच्या पुढचा टप्पा: खिशात मावणारा बॅलन्स्ड हेडफोन ॲम्प्लिफायर. आता फोनला जोडायच्या अगदी बोटभर डोंगलवरही दोन भोकं दिसतात, एक नेहमीचं 3.5 मिमीचं आणि शेजारी जरा मोठं 4.4 मिमीचं. मोठ्या भोकात पिन घातली की ‘आवाज मोकळा होतो’, ‘मंच रुंद होतो’, ‘वाद्यं सुटी होतात’ असं दुकानदार सांगतो आणि मित्रही सांगतात. यातलं खरं किती आणि ते आपल्या कानांनी कसं तपासायचं, हे आज पाहू. तपासणीचं साहित्य आपल्या सांगली जिल्ह्यातलंच आहे.

आधी रचना समजून घेऊ. 3.5 मिमीच्या पिनवर तीन भाग असतात. टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्या कानाचं आणि मागचा लांब भाग दोघांच्या परतीचा, सामाईक. दोन मळ्यांचा निचरा एकाच चरातून होत असेल, तर एका मळ्याला पाणी सोडल्यावर चर तुंबतो आणि ओल शेजारच्या मळ्यात शिरते. इथंही तसंच होतं. परतीच्या सामाईक वाटेत 0.3 ओहम रोध असेल आणि इअरफोन 32 ओहमचा असेल, तर एका कानातल्या सिग्नलचा सुमारे शंभरावा हिस्सा दुसऱ्या कानात जातो, म्हणजे मूळ आवाजाच्या साधारण 40 डेसिबल खाली. हेडफोन 300 ओहमचा असेल तर हीच गळती 60 डेसिबल खाली जाते.

बॅलन्स्ड जोडणीत तारा चार असतात. प्रत्येक कानाची जायची वेगळी, यायची वेगळी. शिवाय परतीच्या तारेलाही स्वतःचा ॲम्प असतो. एक ॲम्प व्होल्टेज वर नेतो, त्याच क्षणी दुसरा तेवढंच खाली ओढतो, आणि हेडफोनला दोघांची बेरीज मिळते. व्होल्टेज दुप्पट म्हणजे 6 डेसिबल जास्त. बॅटरी आणि चिप यांना तेवढा प्रवाह झेपला तर शक्ती चौपटीपर्यंत जाते. पण ॲम्पचा स्वतःचा रोधही दुप्पट होतो, बॅटरी लवकर उतरते आणि डबी जास्त तापते.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. औंधच्या संगीत महोत्सवासारख्या मैफलीत मंचावरून मिक्सरकडे जाणारी माइकची केबलही बॅलन्स्ड असते. माइकचा सिग्नल अतिशय क्षीण असतो, केबल लांब असते आणि वाटेत तिला चिकटणारी गुणगुण काढून टाकण्यासाठी ती योजना असते. हेडफोनची केबल हातभर असते आणि तिच्यातला सिग्नल पुरेसा जोरकस असतो. त्यामुळे ‘बॅलन्स्ड केल्यानं बाहेरचा गोंगाट कमी झाला’ हा दावा इथं लागू पडत नाही. हेडफोनच्या बाबतीत फायदे दोनच: जास्त ताकद आणि कमी गळती.

हा बॅलन्स्ड प्रकार टेबलावरच्या मोठ्या ॲम्पमधून खिशात आला. सुरुवातीला आयबासो आणि रे सॅम्युएल्स यांच्यासारख्या छोट्या कंपन्यांनी असे ॲम्प केले, पण सगळ्यांना चालणारी एकच पिन ठरली नव्हती. 2014 मध्ये ॲस्टेल अँड कर्नच्या एके 240 या प्लेअरसोबत 2.5 मिमीची चार भागांची पिन रुळली. ती बारीक आणि नाजूक होती. 2016 मध्ये सोनीनं वॉकमनच्या वरच्या श्रेणीत 4.4 मिमीची पाच भागांची पिन आणली आणि आता बाजार तिच्याकडेच झुकला आहे.

आता ऐकण्याकडे वळू. पहिली अडचण त्या 6 डेसिबलचीच आहे. 3.5 चं भोक सोडून 4.4 चं वापरलं की, व्हॉल्यूमला हात न लावता, आवाज बराच मोठा होतो. मोठा आवाज कानाला नेहमीच भरीव आणि मोकळा वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज हळू असला की आपल्या कानाला खर्जाचे सूर इतर सुरांच्या तुलनेत जास्तच मंद ऐकू येतात. तेव्हा आधी पातळी जुळवा. 50 हर्ट्झचा साधा सूर वाजवा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून कानाकडच्या टोकाला व्होल्टेज मोजा. स्वस्तातले मल्टिमीटर घरच्या विजेच्या याच वारंवारतेवर नीट मोजतात. एकीकडे 500 मिलिव्होल्ट आले, तर दुसरीकडचा आकडा 490 ते 510 च्या आत आणा. मोजताना दोन तारा एकमेकींना टेकू देऊ नका.

यानंतर पहिली कसोटी खाँसाहेबांची. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. 1937 मध्ये पाँडिचेरीकडे जाताना प्रवासातच त्यांचं निधन झालं आणि त्यांना मिरजेत, मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आलं. 1930 च्या दशकात ओडियन कंपनीसाठी त्यांनी दिलेल्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या आज डिजिटल रूपात सहज मिळतात. हे सारं ध्वनिमुद्रण मोनो आहे, कारण स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला 1950 च्या दशकाची अखेर उजाडली. दोन्ही चॅनेल अगदी सारखे असलेली प्रत घ्या. दोन्ही कानांत एकच सिग्नल जात असेल, तर डाव्याची गळती उजव्यात झाली काय किंवा न झाली काय, फरक ऐकू येणारच नाही. म्हणून या तबकडीवर बॅलन्स्डनं ‘मंच रुंद झाला’ असं वाटलं, तर समजावं की पातळी नीट जुळलेली नाही. पातळी जुळवल्यावर मला दोन्ही भोकांतून खाँसाहेबांचा तोच नितळ, टोकदार षड्ज ऐकू आला. तबकडीची खरखरही तशीच होती.

दुसरी कसोटी तंबोऱ्याची. मिरजेत तंतुवाद्यं घडवण्याची परंपरा शिकलगार कुटुंबांनी उभी केली. हत्यारांना धार लावणाऱ्या या हातांनी एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरा घडवायला घेतला, आणि त्यात फरीदसाहेबांचं नाव आद्य कारागीर म्हणून घेतलं जातं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत कारागीर जवारी काढतो तेव्हा जरूर बघावं. घोडीचा रुंद माथा तो कानशीनं इतका हळू घासतो की खाली भुकटीसुद्धा जेमतेम पडते. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो. धागा केसभर पुढे गेला की सूर बोथट, केसभर मागे आला की चिरका, आणि नेमका बसला की एका तारेतून स्वरांचा झोत उमटू लागतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिलं की या पसरट घोडीमुळे तंबोऱ्याच्या तारेतून असेही उपस्वर निघतात, जे छेडण्याच्या जागेमुळे नियमानं निघायला नकोत.

ॲम्प तपासायला याहून चांगलं वाद्य मला माहीत नाही. तंबोऱ्याचा सूर लांब चालतो, त्यातले उपस्वर सतत वरखाली होत असतात आणि ते आपल्या कानांच्या ओळखीचे असतात. गायकाच्या मागे दोन बाजूंना दोन तंबोरे असलेलं चांगलं स्टिरिओ ध्वनिमुद्रण निवडा. खर्ज वाजल्यानंतर तो विझेपर्यंत ऐका.

साध्या 32 ओहमच्या, एकाच ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या घटकाच्या) इअरफोनवर दोन भोकांत मला फारच थोडा फरक जाणवला. दोन तंबोरे बॅलन्स्डवर किंचित जास्त सुटे वाटले, पण पैज लावावी इतके नाहीत. अनेक ड्रायव्हरच्या अतिसंवेदनशील इअरफोनवर तर बॅलन्स्ड बाजू उणी पडली. आलापीतल्या शांत जागी बारीक ‘स्स्स’ ऐकू आला आणि जवारीचा रंग किंचित बदलला. अशा इअरफोनचा रोध दर वारंवारतेला वेगळा असतो. ॲम्पचा रोध दुप्पट झाला की स्वरांचा तोल हलतो, तो असा.

खरा फरक दिसला तो मोठ्या हेडफोनवर. सेनहायझर एचडी 650 चा रोध 300 ओहम आहे आणि 1 व्होल्टला तो 103 डेसिबल आवाज देतो. छोट्या डोंगलच्या 3.5 भोकातून जेमतेम 1 व्होल्ट निघत असेल, तर हळू मुद्रित केलेल्या मैफलीत व्हॉल्यूम टोकाला जातो आणि समेवरची थाप, डग्ग्याची घुमक दबल्यासारखी येते. बॅलन्स्डवर 2 व्होल्ट मिळाले की 109 डेसिबलपर्यंत जागा मिळते आणि तीच थाप न अडखळता येते. ही सारी ताकदीची करामत आहे. ताकदवान 3.5 भोकातूनही ती साधते.

हे सारं घरातल्या शांततेत. कोयना एक्स्प्रेसनं साताऱ्याहून सांगलीला येताना हाच संच लावला, तर डब्याच्या खडखडाटात ना गळती कळते ना ‘स्स्स’. प्रवासात कानात घट्ट बसणारे रबरी बोळे ॲम्पपेक्षा जास्त काम करतात.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. 3.5 पिनचा हेडफोन ॲडाप्टर लावून 4.4 च्या बॅलन्स्ड भोकात कधीही घालू नका. दोन्ही परतीच्या तारा एकत्र येतात, दोन ॲम्प एकमेकांवर शॉर्ट होतात आणि ते जळू शकतात. उलट, 4.4 ची केबल ॲडाप्टरनं 3.5 मध्ये घालायला हरकत नाही. दुसरी गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं आठवड्याला 40 तास ऐकायचं तर पातळी 80 डेसिबलच्या आत हवी. मिळालेली जादा ताकद तालाच्या थापेसाठी राखून ठेवावी.

तेव्हा माझा निवाडा असा: 300 ओहमचा किंवा तसाच जड हेडफोन असेल आणि तुमचं 3.5 भोक अपुरं पडत असेल, तर बॅलन्स्ड ॲम्प जरूर घ्या. नुसत्या इअरफोनवर फोनमधून ऐकत असाल, तर ते पैसे चांगल्या इअरफोनवर घाला. खरेदीआधी एक मोनो तबकडी आणि एक तंबोरा पातळी जुळवून ऐका, आणि काय ऐकू आलं ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या भागात केबलचा विषय घेऊ.