एअर सस्पेन्शन असूनही गाडी का आदळते?

वाशिमहून पुण्याला जाणाऱ्या बऱ्याच स्लीपर ट्रॅव्हल्सवर ‘एअर सस्पेन्शन’ असं लिहिलेलं असतं. तरी मागच्या बर्थवर झोपलात की गतिरोधकावर उडताच. असं का?

इथे पाट्यांच्या जागी रबरी फुगे असतात आणि कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. लोडमुळे गाडी खाली बसली की लेव्हलिंग व्हॉल्व्ह आणखी हवा सोडून उंची पूर्ववत करतो. ट्रकवर बांधलेल्या जड कॅम्परमध्येही हेच तंत्र चालतं.

मग बिघडतं कुठे?

उंची: फुगा फार खाली बसला तर एक्सल स्टॉपरवर आदळतो. फार वर गेला तर खड्ड्यात चाक खाली जायला जागा उरत नाही.

शॉकॲब्सॉर्बर: उसळी थांबवणं हे फुग्याचं नाही, याचं काम. तो गळला की गाडी डोलते, चाकाची पकड सुटते आणि ब्रेकवर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं.

टायर: हवा जास्त झाली की बारीक खड्डेही जाणवतात.

म्हणून आधी उंची मोजा, मग शॉकॲब्सॉर्बर आणि टायर तपासा. फुग्यात नुसती हवा वाढवली तर गाडी मऊ नाही, उलट कडक होते.

आणि तिकीट काढताना? पुढच्या-मागच्या चाकांच्या मधला, खालचा बर्थ घ्या. मागच्या चाकांच्या पलीकडे उसळी सर्वात जास्त!