बंदुकीचा आवाज गिळणारी नळी आणि आपले उघडे कान

खरिपाची पिके हाताशी येऊ लागली की बाभुळगाव तालुक्यातल्या शिवारात जागल सुरू होते. बेंबळेच्या काठाने सोयाबीन, कापूस, तूर उभी असते आणि अंधार पडला की रानडुकरांचे कळप आणि रोही वावरात उतरतात. त्यांना हुसकायला कुणी डबे वाजवतो, कुणी सुतळी बॉम्ब लावतो, कुणी पाइपमध्ये कार्बाइड घालून बार काढतो. पीक संरक्षणासाठी परवाना मिळालेल्या मोजक्या लोकांकडे बंदूक असते. या सगळ्या आवाजांचा जनावरांवर किती परिणाम होतो यावर गावात वाद होऊ शकतो. आवाज काढणाऱ्याच्या कानावर होणाऱ्या परिणामाबद्दल वाद नाही. तो होतोच, आणि बहुतेक वेळा कायमचा होतो.

बंदुकीचा आवाज कमी करणारी नळी, म्हणजे सायलेन्सर, सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे. सिनेमात ती खुन्याच्या हातात दिसते. नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंड अशा देशांत मात्र ती शिकारी आणि नेमबाज आपले कान वाचवण्यासाठी वापरतात. या नळीचे विज्ञान समजून घेतले, तर आपल्या कानांचे काय करायचे हेही कळते.

एक बार किती मोठा?

सर्वांत लहान आणि सौम्य समजली जाणारी बंदूक म्हणजे .२२ रिमफायर. तिच्या काडतुसाच्या बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये, पेट घेणारे मिश्रण भरलेले असते. घोड्याचा आघात त्या कडेवर होतो, म्हणून हे नाव. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले ते याच जातीच्या रायफलने. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकावले तेही याच रायफलने.

या ‘सौम्य’ रायफलचा बारही नेमबाजाच्या कानाजवळ साधारण १४० डेसिबलपर्यंत जातो. मोठ्या शिकारी रायफलींचा आवाज १६० च्या पुढे असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्षणिक आवाजाची कमाल मर्यादा मोठ्यांसाठी १४० आणि मुलांसाठी १२० डेसिबल आहे. म्हणजे सर्वांत लहान बंदूकही मर्यादेच्या उंबरठ्यावर उभी आहे.

डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा १० पट होते, २० वाढले की १०० पट, ३० वाढले की १००० पट. त्यामुळे १४० आणि १६० मधला फरक ऐकायला लहान वाटला, तरी कानासाठी तो शंभरपट आहे.

फटाक्यांचे तसेच. आपल्या नियमांनुसार फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर आवाजाचे शिखर १४५ डेसिबलच्या पुढे जाता कामा नये. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे नियमात बसणारा फटाकासुद्धा २ मीटरवर सुमारे १५१ डेसिबलचा होतो, तर १६ मीटरवर १३३ वर येतो. वात पेटवून चार पावले मागे सरणे आणि वीस पावले पळणे यांत कानाच्या दृष्टीने एवढा फरक आहे.

कानात काय होते?

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. प्रत्येक कानाच्या या शंखात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्यांचे केस डोलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वाऱ्याने धान लवते आणि पुन्हा उभे राहते, तसे हे केसही साध्या आवाजात लवून उभे राहतात. वादळात मात्र धान आडवे होते ते उठत नाही. माणसाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

कानाला स्वतःचे एक संरक्षण आहे. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक छोटा स्नायू आखडतो आणि आत जाणारा ध्वनी कमी करतो. पण त्याला काम सुरू करायला काही दशांश-शतांश सेकंद लागतात. बंदुकीचा किंवा फटाक्याचा मुख्य धक्का काही हजारांश सेकंदांत संपतो. दार लागेपर्यंत चोर घरात येऊन गेलेला असतो.

पहिला फटका बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांना बसतो. त्यामुळे माणसाला ‘ऐकू येत नाही’ असे वाटतच नाही. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. स, श, फ, ट अशी व्यंजने निसटतात, लहान मुलांचे बोलणे अस्पष्ट होते, लग्नाच्या गर्दीत समोरचा काय म्हणतो ते उमगत नाही. काहींच्या कानात रात्रंदिवस शिटी वाजत राहते.

नळीचे विज्ञान

गोळी नळीबाहेर पडते तेव्हा तिच्यामागे प्रचंड दाबाचा तप्त वायू असतो. तो एकदम हवेत सुटतो आणि धमाका होतो. प्रेशर कुकरचे झाकण दाब असताना उघडले तर काय होईल, याची कल्पना केली की हे समजते. शिटीतून थोडी थोडी वाफ सोडली तर तोच दाब निमूट उतरतो. सायलेन्सर वायूला आपल्या आतल्या कप्प्यांत पसरू देतो, थंड होऊ देतो आणि मग सावकाश बाहेर सोडतो. मोटरसायकलच्या सायलेन्सरचे तत्त्वही हेच.

ही नळी बाजारात आणणारे अमेरिकी अभियंता हायरम पर्सी मॅक्सिम यांना तिचे पेटंट १९०९ साली मिळाले. मोटारींचा आवाज कमी करण्यावरही त्यांनी काम केले. त्यांचे वडील हायरम मॅक्सिम हे प्रसिद्ध मॅक्सिम मशिनगनचे जनक. वर्षानुवर्षे तोफा-बंदुकांच्या आवाजात काम करून उतारवयात त्यांना जवळजवळ ऐकू येईनासे झाले होते.

मात्र ‘सायलेन्सर’ हे नावच फसवे आहे. चांगली नळी आवाज २० ते ३० डेसिबलने कमी करते. .२२ चा बार त्यामुळे ११५-१२० च्या आसपास येतो. तो नाहीसा होत नाही. गोळी ध्वनीपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, वेगाने गेली तर हवेत चाबकासारखा कडाका उमटतो आणि त्यावर नळीचा काहीच इलाज चालत नाही. म्हणून परदेशातले जाणते नेमबाज कमी वेगाची काडतुसे निवडतात.

हलकी नळी आणि शिशाचा थर

.२२ चा दाब कमी असल्याने तिची नळी हलकी करता येते. पोलादाच्या तुलनेत टायटॅनियम जवळपास निम्म्या वजनाचे आणि ॲल्युमिनियम सुमारे एकतृतीयांश वजनाचे असते. नळी बंदुकीच्या टोकाला बसत असल्याने तिथले थोडे वजनही हाताला फार जाणवते. म्हणून घेणारा हलकी नळी शोधतो. पण जाणकार आणखी एक गोष्ट आधी विचारतात: ती उघडून साफ करता येते का? ॲल्युमिनियम हलके आणि स्वस्त असले तरी तीव्र रसायनांनी खराब होते. पोलाद जड, पण घासपूस सहन करते.

साफसफाईचा मुद्दा इथे आरोग्याचा होतो. .२२ ची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते आणि कडेतल्या मिश्रणातही शिशाचे संयुग असते. नळीत काजळी, मेण आणि शिसे यांचा कडक थर जमतो. काही हौशी लोक तो विरघळवायला व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे मिश्रण वापरतात. नळी चकचकीत होते, पण मागे उरलेल्या पाण्यात लेड ॲसिटेट असते. ते अत्यंत विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जाऊ शकते, आणि ते मोरीत किंवा मातीत ओतले तर विष तिथे राहते.

शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत वाईट होतो. त्यामुळे पीक संरक्षणाची बंदूक असो की रेंजवरची रायफल, काही नियम सगळ्यांना लागू आहेत. सफाई घराबाहेर, वारा खेळत्या जागी करावी, स्वयंपाकघरात कधीच नाही. हातमोजे घालावेत. सुकी काजळी फुंकू किंवा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तंबाखू, विडी, चहा हात साबणाने धुतल्यावरच घ्यावा. ते कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत, आणि मुलांना तिथे थांबू देऊ नये.

आपल्याकडे काय?

भारतात ही नळी दुकानात मिळत नाही. बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारी साधने शस्त्र नियमांत प्रतिबंधित शस्त्रांच्या पहिल्या वर्गात मोडतात. परवानाधारक शेतकऱ्यालाही ती बाळगता येत नाहीत, आणि घरी काही जुळवाजुळव करणे हा गंभीर गुन्हा आहे.

शिवाय जागलीवरच्या माणसाला ती उपयोगाची नाही, कारण त्याला आवाजच हवा असतो. आवाज मोठा हवा आणि कानही शाबूत हवा, तर अडसर बंदुकीला नव्हे, कानाला लावावा लागतो. कानात नीट बसवलेला प्लगही २० ते ३० डेसिबल अडवू शकतो. नळी करते तेवढेच काम तो काही रुपयांत आणि कायद्यात राहून करतो.

कापसाच्या मुलखात कानात कापूस घालण्याची सवय आहे. तिचा भरवसा धरू नये. कापसातून हवा जाते, त्यामुळे आवाजही जातो. तो जेमतेम काही डेसिबल अडवतो. बोट घालणे त्यापेक्षा बरे, पण वात लावणाऱ्याचे हात मोकळे नसतात.

फोमचा प्लग घ्यायचा तर तो बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, प्लग आत सरकवावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. अर्धवट बसलेला प्लग निम्मेही काम करत नाही. पाकिटावरचा एनआरआर किंवा एसएनआर हा आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्षात संरक्षण त्याहून कमी मिळते. हेडफोनसारखे दिसणारे इअरमफ घालायला सोपे, पण चष्म्याच्या काड्या, टोपी किंवा फेटा मध्ये आला की फट राहते. बंदूक चालवणाऱ्याने प्लग आणि वरून मफ दोन्ही वापरावेत. दोन्हींचे आकडे बेरजेने वाढत नाहीत, पण आणखी ५ ते १० डेसिबलचा आधार मिळतो.

इथेही सफाई महत्त्वाची. फोमचे प्लग धुऊन वापरायचे नसतात. मळले किंवा फुगेनासे झाले की टाकून द्यावेत. सिलिकॉनचे प्लग कोमट पाणी आणि साबणाने धुऊन पूर्ण वाळवून डबीत ठेवावेत. मफच्या गाद्या ओल्या फडक्याने पुसाव्यात. त्या कडक झाल्या किंवा तडकल्या की बदलाव्यात. एकाचे प्लग दुसऱ्याने वापरू नयेत. कान वाहत असेल तर प्लग न घालता मफ वापरावा.

कार्बाइडच्या पाइपला मात्र कोणतेही संरक्षण पुरेसे नाही. त्यातला ॲसिटिलीन वायू केव्हा पेट घेईल याचा नेम नसतो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि परिसरात अशा ‘कार्बाइड गन’मुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. पेटला नाही म्हणून आत डोकावणे हाच सर्वांत मोठा धोका आहे. पिकाचे नुकसान झालेच तर वनविभागाकडे अर्ज आणि पंचनाम्याची वाट आहे; गेलेल्या डोळ्याची भरपाई होत नाही.

कान बधिर झाला तर

बारानंतर कान बंद झाल्यासारखा वाटला, शिटी वाजू लागली किंवा रक्त आले, तर घरगुती इलाज करू नये. कोमट तेल, लसणाचे तेल, पाणी काहीही कानात घालू नये. पडदा फाटला असेल तर त्यातून जंतुसंसर्ग आत जातो. शक्यतो एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच त्यांचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. बाभुळगावकरांसाठी यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हे जवळचे मोठे ठिकाण.

शिटी दुसऱ्या दिवशी थांबली म्हणजे कान बरा झाला, असे समजू नये. दर हंगामात जागलीला जाणाऱ्याने हंगाम संपल्यावर एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करून घ्यावी. ती वेदनारहित असते. तिच्या आलेखात ४००० हर्ट्झजवळ खाच दिसू लागली, तर बोलणे अजून नीट ऐकू येत असतानाच सावध होता येते.