गतिरोधक, तबकडी (पॅड व तबकडी बदलणे)

चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या तबकडीवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबून मोटारगाडीचा वेग कमी करणाऱ्या यंत्रणेस ‘तबकडी गतिरोधक’ (डिस्क ब्रेक) म्हणतात. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे एकस्व घेतले. तिचा खरा प्रसार मात्र १९५० नंतर झाला.

गतिरोधकाचे कार्य म्हणजे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे होय. ताशी ६० किमी. वेगाची १,००० किग्रॅ. वस्तुमानाची मोटार थांबविताना सु. १.४ लाख जूल ऊर्जा निर्माण होते. वेग दुप्पट असल्यास ती चौपट होते. वेग कमी होताना भार पुढे सरकत असल्याने पुढील पॅड सामान्यतः लवकर झिजतात. घर्षणद्रव्य सु. ३ मिमी. उरले की पॅड बदलणे इष्ट. ते पूर्ण झिजल्यास मागील पोलादी पट्टी तबकडीवर घासून चरे पडतात. तबकडीची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याहून पातळ तबकडी लवकर तापते, म्हणून ती टाकून द्यावी. एका आसावरील दोन्ही चाकांचे पॅड व तबकड्या एकदमच बदलतात.

हे काम घरी करता येते. मात्र मोटार केवळ जॅकवर न ठेवता भक्कम टेकूंवर ठेवली पाहिजे. चाक व कॅलिपर काढल्यावर कॅलिपर तारेने टांगतात. रबरी नळीवर त्याचा भार येता कामा नये. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने धूळ फुंकून न उडविता ओल्या फडक्याने टिपतात. चाकाच्या तुंब्यावरील गंज खरवडणे व नव्या तबकडीवरील संरक्षक तेल पुसणे या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींकडे हमखास दुर्लक्ष होते. गंजाच्या पातळ थरानेही तबकडी किंचित तिरपी बसते आणि पुढे पायपट्टी थरथरते. नव्या जाड पॅडसाठी दट्ट्या आत ढकलावा लागतो. त्यामुळे टाकीतील द्रव वर चढतो व सांडल्यास रंग खराब करतो. मागील चाकांना विद्युत् चलित हातब्रेक असल्यास विशेष उपकरणाविना दट्ट्या ढकलू नये.

चाके निर्मात्याने सांगितलेल्या पिळाने आवळून झाल्यावर मोटार हलविण्यापूर्वी पायपट्टी घट्ट लागेपर्यंत वारंवार दाबणे अत्यावश्यक आहे. दट्ट्या मागे गेलेला असल्याने पहिल्या दाबाला गतिरोधक लागतच नाही. पायपट्टी मऊच राहिल्यास द्रवात हवा शिरली आहे असे समजून मोटार रस्त्यावर काढू नये. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून काही वेळा, मध्ये थंड होऊ देत, गती कमी केली असता पॅड व तबकडी एकमेकांशी जुळून बसतात.