तगरच्या गाड्या आणि सुकोत्राचे बेट

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये साधार मांडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून बिकट वाटांनी भडोचला जाई. बँकेत हयात गेलेल्या मला हा ग्रंथ एखाद्या व्यापाऱ्याच्या टिपणवहीसारखा वाटतो : माल कोणता, कोठून, कोठे.

त्याच वहीत अरबी समुद्रातील सुकोत्रा बेटही आहे. बेट मोठे, वस्ती थोडी, तीही उत्तर किनाऱ्यावर. अरब, भारतीय व काही ग्रीक, सारे व्यापारासाठी येऊन राहिलेले. तेथे तांदूळ, गहू, भारतीय कापड आणि थोड्या दासी उतरत. मोबदल्यात कासवाची पाठ मिळे. दासींची नोंद मालाच्याच यादीत आहे. तेथे मन थबकते.

या बेटावरील होक गुहेत बेल्जियन संशोधकांना या शतकाच्या आरंभी सुमारे दोनशे लेख आढळले, बहुतेक ब्राह्मी लिपीतील. अंधारात खोलवर शिरून आपल्याकडील खलाशांनी कोळशाने, चिखलाने स्वतःची नावे लिहिली, जहाजे रेखाटली. कोणी गावही नोंदविले : भरुकच्छ, म्हणजे भडोच, हस्तकवप्र, म्हणजे सौराष्ट्रातील हाथब.

तगरच्या विणकराने समुद्र बहुधा पाहिलाच नसेल. परंतु ज्या भडोचला त्याच्या कापडाच्या गाड्या रिकाम्या होत, तेथूनच ही माणसे निघाली होती. तेरच्या संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेईच्या राखेखाली सापडली.